अनेक मशीनवर विभागलेलं सिम्युलेशन एका काळात कसं ठेवायचं

एका मशीनवरचं घटनाधारित सिम्युलेशन लिहायला सोपं असतं. टाइमस्टॅम्प, म्हणजे सिम्युलेशनमध्ये घडण्याची वेळ, लावलेल्या घटनांची एक रांग असते. सगळ्यात लहान टाइमस्टॅम्पची घटना उचलायची, तिचं काम करायचं, त्यातून नव्या घटना निघाल्या तर त्या रांगेत टाकायच्या आणि पुन्हा तेच. रांगेसाठी साधा हीप, म्हणजे सगळ्यात लहान वस्तू पटकन देणारी रचना, पुरतो. हवी असेल तर रँडी ब्राउन यांनी १९८८ मध्ये मांडलेली कॅलेंडर क्यू ही जलद रांग आहेच. मग मॉडेल वाढतं. मेमरी पुरत नाही, किंवा एका दिवसाच्या सिम्युलेशनला आठवडा लागायला लागतो, आणि काम दहा-वीस मशीनवर वाटायची वेळ येते. ती एक रांग तिथे संपते. ‘आता सगळ्यात आधीची घटना कोणती’ हे सांगू शकणारी एकमेव जागाही तिच्याबरोबर जाते.

यावर बऱ्याच जणांना पहिल्यांदा सुचतं ते मशीनची घड्याळं जुळवणं. एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळं जुळवणारी पद्धत, लावू, मायक्रोसेकंदाइतकं नेमकं करू. त्याचा इथे काही उपयोग नाही. सिम्युलेशनमधला काळ आणि भिंतीवरचं घड्याळ यांचा एकमेकांशी संबंध नसतो. एका मशीनने सिम्युलेशनचा एक तास दोन सेकंदांत उरकला आणि दुसऱ्याला वीस सेकंद लागले, तरी काही बिघडत नाही. एखाद्या भागाने १०:१५ ची घटना करून टाकली आणि त्यानंतर त्याच्या हातात १०:१२ ची घटना पडली, की मात्र सगळं बिघडतं. क्रम ठरवायला खरं घड्याळ लागत नाही, कोणी कोणाला काय कळवलं एवढं पुरतं, हे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्येच दाखवलं होतं.

म्हणजे आपल्याला जुळलेली घड्याळं नकोत, हमी हवी आहे. ‘या वेळेच्या आधीची घटना तुझ्याकडे आता येणार नाही’ एवढी एकच हमी. पुढे येणाऱ्या सगळ्या पद्धती ही हमी मिळवण्याच्याच आहेत. काही ती आधी मिळवतात आणि मग काम करतात, काही काम आधी करतात आणि हमी नंतर गोळा करतात.

पहिलं काम: वेळ आणि क्रम

हे काम सिंक्रोनायझेशनच्या कोडला हात लावण्याआधीच करा, अजून सगळं एकाच मशीनवर आहे तेव्हा. नंतर केलं तर दुप्पट त्रास होतो.

वेळ दशांशात ठेवू नका. डबल प्रकारात ०.१ दहा वेळा मिळवलं तर बरोबर १ येत नाही, आणि दोन मशीननी तीच वेळ वेगळ्या बेरजांनी काढली तर शेवटचा अंक वेगळा येऊ शकतो. क्रम उलटायला तेवढं पुरतं. ६४ बिटांचा पूर्णांक घ्या. एकक नॅनोसेकंद असेल तर त्यात सुमारे २९२ वर्षं मावतात. पिकोसेकंद घेतलात तर जेमतेम १०६ दिवस मावतात, तेव्हा उगाच बारीक एकक निवडू नका. एनएस-३ हा नेटवर्क सिम्युलेटरही वेळ ६४ बिटांच्या पूर्णांकातच ठेवतो आणि त्याचं मूळ एकक नॅनोसेकंद आहे.

पूर्णांक आले की दुसरा प्रश्न समोर येतो: एकाच वेळेच्या दोन घटना. एका मशीनवर ‘जी आधी रांगेत आली ती आधी’ हे चालून जातं. अनेक मशीनवर आधी कोण येणार हे नेटवर्कच्या लहरीवर असतं. म्हणून तुलनेची किल्ली चार भागांची करा: वेळ, प्राधान्य, पाठवणाऱ्या घटकाचा क्रमांक आणि त्या घटकाने आजवर पाठवलेल्या घटनांमधला तिचा अनुक्रमांक. हे क्रमांक मॉडेलमधल्या घटकाचे असायला हवेत, मशीनचे नव्हे. नाहीतर आठऐवजी बारा मशीनवर चालवताच उत्तर बदलेल. सोबत एक कडक नियमही घाला: शून्य विलंबाची घटना घटकाने फक्त स्वतःलाच पाठवायची, दुसऱ्याला कधीच नाही.

यादृच्छिक आकड्यांचंही तेच. माझ्या एका मॉडेलमध्ये जनरेटरचं बीज, म्हणजे त्याचा सुरुवातीचा आकडा, मशीनच्या क्रमांकावरून घेतलं होतं. सगळं सुरळीत दिसत होतं. मग भागांची संख्या बदलली आणि सरासरी हलली. तीन दिवस सिंक्रोनायझेशनमधली चूक शोधत बसलो. ती तिथे नव्हतीच. प्रत्येक घटकाला त्याच्या क्रमांकावरून स्वतंत्र प्रवाह द्या. एमआरजी३२के३ए सारख्या जनरेटरमध्ये असे लाखो वेगळे प्रवाह मिळतात. २०११ मध्ये आलेल्या फिलॉक्ससारख्या काउंटरवर चालणाऱ्या जनरेटरमध्ये तर घटकाचा क्रमांक हीच किल्ली करता येते.

आणखी एक लपलेला चोर म्हणजे हॅश टेबलवर फिरणारा लूप. किल्ली पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, असेल तर प्रत्येक वेळी चालवताना मेमरीतले पत्ते बदलतात, फिरण्याचा क्रम बदलतो आणि घटना वेगळ्या क्रमाने पाठवल्या जातात. असे लूप शोधून काढा आणि क्रम पक्का करा.

मॉडेल कुठे कापायचं

मॉडेलचे घटक करा. पुस्तकी भाषेत यांना लॉजिकल प्रोसेस म्हणतात, रोजच्या बोलण्यात एलपी. प्रत्येक एलपीची स्थिती त्याची एकट्याची. दुसऱ्याच्या स्थितीत थेट डोकवायचं नाही, जे काही सांगायचं ते टाइमस्टॅम्प लावलेल्या निरोपातूनच. जुन्या कोडमध्ये ‘सध्या एकूण गाड्या किती’ असला एखादा ग्लोबल चल हमखास सापडतो, आणि त्याला दहा ठिकाणांहून कोणीतरी वाचत असतं. तो तसाच राहिला तर पुढची सगळी मेहनत वाया जाईल. तो एखाद्या एलपीच्या मालकीचा करा, किंवा आकडेवारीपुरताच असेल तर प्रत्येक भागात वेगळा ठेवून शेवटी बेरीज करा. ती बेरीजही पूर्णांकात किंवा ठरलेल्या क्रमाने करा. दशांशांच्या बेरजेचा क्रम बदलला की उत्तरही बदलतं.

एलपी मशीनवर वाटताना साधारणपणे दोनच गोष्टी पाहिल्या जातात: प्रत्येकावर सारखा भार असावा आणि मशीनमधले निरोप कमी असावेत. मेटिससारखं, घटक आणि त्यांच्या जोडण्यांचा आलेख कापणारं साधन हे दोन्ही करून देतं. तिसरी गोष्ट त्याला आपोआप कळत नाही, आणि तीच सगळ्यात महत्त्वाची असते: काप जिथून जातो त्या जोडणीवर विलंब किती आहे. नेटवर्कच्या मॉडेलमध्ये २०० किलोमीटरची ऑप्टिकल फायबर म्हणजे साधारण एक मिलिसेकंद. तिथे खुशाल कापा. तीस मीटरवरची दोन वायरलेस उपकरणं म्हणजे अवघा ०.१ मायक्रोसेकंद. त्यांना वेगळ्या मशीनवर ठेवलंत तर संपलंच. म्हणून कापण्याआधी फार कमी विलंबाने जोडलेले एलपी एकत्र चिकटवून एकच गाठ करा आणि मग तो आलेख मेटिसला द्या.

लुकअहेड, म्हणजे हमीचं भांडवल

‘माझ्याकडे आत्ता वेळ टी आहे, आणि टी अधिक एल च्या आधीचा निरोप मी तुला पाठवणार नाही’ असं एलपी सांगू शकत असेल, तर तो एल म्हणजे त्याचा लुकअहेड. तो जितका मोठा, तितकं दुसऱ्याला न विचारता पुढे जाता येतं. माझ्या अनुभवात अल्गोरिदम बदलून जेवढा वेग मिळतो त्याहून कितीतरी जास्त मॉडेलमधून लुकअहेड उकरून काढल्याने मिळतो. म्हणून इथे वेळ घालवा.

रेल्वेचं मॉडेल समजा. दोन स्टेशनांमधला किमान प्रवास पाच मिनिटांचा. पुष्कळ जण गाडीची घटना अशी लिहितात: गाडी सुटली, पाच मिनिटांनी आपल्याच रांगेत ‘पोहोचली’ ही घटना, आणि ती आल्यावर पुढच्या स्टेशनला शून्य विलंबाने निरोप. मॉडेल बरोबर आहे, पण लुकअहेड शून्य झाला. तोच निरोप गाडी सुटतानाच पाच मिनिटं पुढचा टाइमस्टॅम्प लावून पाठवला की लुकअहेड पाच मिनिटांचा होतो. बदल दोन ओळींचा असतो, फरक जमीन-अस्मानाचा.

सेवेचा वेळ यादृच्छिक असेल तर? घातांकी वितरणाची किमान किंमत शून्य, तेव्हा वरवर पाहता लुकअहेडही शून्यच. इथे एक जुनी युक्ती आहे. पुढच्या ग्राहकाला लागणारा वेळ आत्ताच जनरेटरमधून काढून ठेवा. ग्राहक अजून आला नसला तरी तो आल्यावर त्याला किती लागणार हे आपल्याला माहीत झालं, म्हणून तेवढी हमी देता येते. पण मधेच घुसून चालू काम थांबवणारा अग्रक्रमाचा ग्राहक मॉडेलमध्ये असेल तर ही युक्ती कोसळते. ‘आता हे काम इतक्या वाजता संपेल’ असं म्हणताच येत नाही.

शोधलेला लुकअहेड कागदावर ठेवू नका. निरोप पाठवणाऱ्या फंक्शनमध्येच तपासणी घाला: टाइमस्टॅम्प आत्ताची वेळ अधिक लुकअहेड यापेक्षा लहान असेल तर तिथेच कार्यक्रम थांबवायचा. सहा महिन्यांनी कोणीतरी ‘जलद गाडी’ घालतो आणि किमान प्रवास चार मिनिटांचा होतो. ही तपासणी नसेल तर चूक गुपचूप उत्तरात शिरते.

अडून बसणं आणि रिकामे निरोप

आता खरी पद्धत. अ, ब, क ही तीन स्टेशनं, गाड्या अ कडून ब, ब कडून क आणि क कडून पुन्हा अ. प्रत्येक टप्पा किमान पाच मिनिटांचा. अ ची पुढची स्वतःची घटना ५८ व्या मिनिटाला, ब ची १०० व्या, क ची ८० व्या. सुरुवातीला कोणाकडूनही कोणाला निरोप नाही. अ म्हणतो, क कडून ५८ च्या आधी काही येईल का माहीत नाही, थांबतो. ब अ साठी थांबतो, क ब साठी. तिघांकडे काम आहे आणि तिघेही अडून बसलेत. हा डेडलॉक.

चँडी आणि मिश्रा यांनी १९७९ मध्ये आणि त्यांच्याआधी ब्रायंट यांनी १९७७ मध्ये स्वतंत्रपणे दिलेलं उत्तर म्हणजे नल मेसेज. त्यात काही घडत नाही, फक्त हमी असते. अ ब ला कळवतो: ५ च्या आधी माझ्याकडून काही नाही. ब क ला: १० च्या आधी नाही. क अ ला: १५. पुन्हा अ ब ला २०, ब क ला २५, क अ ला ३०. असं फिरत फिरत बारावा निरोप अ ला ‘६० च्या आधी नाही’ सांगतो, आणि तेव्हा कुठे अ आपली ५८ ची घटना करू शकतो. एका खऱ्या घटनेसाठी बारा रिकामे निरोप. आता लुकअहेड पाचऐवजी अर्धा मिनिट करून पाहा: एका फेरीत दीड मिनिट पुढे, ३९ फेऱ्या, ११७ निरोप. लुकअहेड शून्य असेल तर निरोप अनंतकाळ फिरत राहतील आणि अ ५८ ला कधीच पोहोचणार नाही. म्हणून या पद्धतीत प्रत्येक वर्तुळाचा एकूण लुकअहेड शून्यापेक्षा मोठा असावाच लागतो.

ही पद्धत लिहिताना प्रत्येक जोडणीवरचे निरोप पाठवले त्याच क्रमाने पोहोचायला हवेत, आणि त्या जोडणीवरचे टाइमस्टॅम्प कधी मागे जाता कामा नयेत. निरोपांची वाहतूक टीसीपीवर किंवा एमपीआय या मशीनमधल्या निरोपांच्या मानक लायब्ररीवर असेल तर पोहोचण्याचा क्रम मिळतो, पण वाचणारे थ्रेड अनेक असतील तर तो क्रम तुम्हीच मोडू शकता.

खिडकीची पद्धत, सुरुवात हिच्यापासून करा

वरच्या उदाहरणात तिघांनी आपापले पुढचे आकडे एकत्र ठेवले असते तर? ५८, १००, ८०. सगळ्यात लहान ५८, त्यात लुकअहेड ५ मिळवला, ६३. म्हणजे ६३ च्या आधीचा नवा निरोप कोणाकडूनही कोणालाच येऊ शकत नाही. बारा निरोपांचं काम एका फेरीत झालं, कारण प्रत्येकाने शेजाऱ्यावर विसंबण्याऐवजी सगळ्यांचं चित्र एकदम पाहिलं. नव्याने सुरू करणाऱ्याला मी नेहमी हीच पद्धत सुचवतो. कोड शंभर-दीडशे ओळींत होतो आणि चूक झाली तर सापडते.

फेरी अशी चालते:

१. प्रत्येक मशीनने आजवर पाठवलेले आणि मिळालेले निरोप मोजायचे. सगळ्यांची बेरीज जुळेपर्यंत येणारे निरोप रांगेत भरत राहायचं.
२. प्रत्येकाने आपल्या रांगेतल्या पहिल्या घटनेची वेळ अधिक आपला बाहेर जाणारा किमान लुकअहेड हा आकडा काढायचा.
३. सगळ्या मशीनमधला सर्वात लहान आकडा काढायचा. एमपीआयमध्ये ऑलरिड्यूसची, म्हणजे सगळ्यांच्या आकड्यांचा निकाल सगळ्यांना देणाऱ्या फंक्शनची, एक हाक पुरते. ही मर्यादा, आणि तिच्यापर्यंतचा काळ म्हणजे खिडकी.
४. मर्यादेपेक्षा लहान टाइमस्टॅम्पच्या सगळ्या घटना करायच्या. या कामातून स्वतःसाठी निघालेल्या आणि मर्यादेच्या आत बसणाऱ्या घटनाही त्यात आल्या.
५. पुन्हा पहिल्या पायरीवर.

पहिली पायरी गाळण्याचा मोह होतो. गाळू नका. वाटेत असलेला निरोप कोणाच्याच रांगेत नसतो, म्हणून किमान काढताना तो मोजलाच जात नाही. मर्यादा चुकून पुढे जाते आणि तो निरोप नंतर भूतकाळातून उगवतो. ही चूक हजार वेळा चालवल्यावर एकदा दिसते, म्हणून जास्त वाईट. चौथ्या पायरीत ‘लहान किंवा समान’ लिहिणं ही तिची धाकटी बहीण. मर्यादेच्या बरोबर वेळेचा निरोप अजून येऊ शकतो, तेव्हा काटेकोरपणे लहानच.

ही पद्धत परवडेल का, हे कोड लिहिण्याआधी पाठकोऱ्या कागदावर काढता येतं. समजा प्रत्येक मशीनच्या वाट्याला सिम्युलेशनच्या एका सेकंदात दोन लाख घटना येतात, आणि एका घटनेला दोन मायक्रोसेकंद लागतात. लुकअहेड एक मिलिसेकंद असेल तर एका खिडकीत २०० घटना, म्हणजे ४०० मायक्रोसेकंदांचं काम. सगळ्यांनी थांबून किमान काढायला तीस मायक्रोसेकंद लागत असतील तर ठीक चाललंय. आता लुकअहेड दहा मायक्रोसेकंद धरा. खिडकीत दोन घटना, चार मायक्रोसेकंदांचं काम आणि त्यासाठी तीस मायक्रोसेकंद थांबणं. आठ मशीनचं क्लस्टरही तशाच एकट्या मशीनपेक्षा हळू चालेल. हे आकडे तुमच्या मॉडेलमधून मोजून घ्या, अंदाजाने नको.

खिडकीचा तोटा उघड आहे: सगळ्यात हळू मशीनसाठी सगळे थांबतात. आणि मॉडेलच्या एका कोपऱ्यात लहान लुकअहेडची एखादी जोडणी कापली गेली असेल, तर ती सगळ्यांचीच खिडकी आवळते. जाळं विरळ असेल आणि जोडण्यांचे विलंब एकमेकांपासून फार वेगळे असतील, तर नल मेसेज बरे पडतात, कारण तिथे प्रत्येक जण फक्त आपल्या शेजाऱ्यांचंच बघतो. एनएस-३ मध्ये या दोन्ही पद्धती आहेत, आणि तिथे मॉडेल फक्त पॉइंट-टू-पॉइंट, म्हणजे दोनच टोकांच्या आणि ठरलेल्या विलंबाच्या, जोडणीवरच कापता येतं. त्याचं कारण वर आलेलंच आहे.

हमी नंतर घेणारी पद्धत

लुकअहेड कितीही शोधला तरी मिळत नाही, अशी मॉडेलं असतात. डेव्हिड जेफरसन यांनी १९८५ मध्ये व्हर्च्युअल टाइमवरच्या लेखात याचा उलटा मार्ग मांडला. त्या यंत्रणेचं नाव टाइम वॉर्प. प्रत्येक एलपीने थांबायचंच नाही, हातात आहे ते करत सुटायचं. चूक झाली तर मागे फिरायचं.

समजा ब ने ७०, ७५ आणि ८२ च्या घटना करून टाकल्या आणि मग ७२ चा निरोप आला. ब आपली स्थिती ७० नंतर होती तिथे नेतो. ७५ आणि ८२ च्या कामातून त्याने इतरांना जे निरोप पाठवले होते, त्या प्रत्येकाच्या मागे एक अँटी-मेसेज पाठवतो. अँटी-मेसेज मूळ निरोपाला भेटला की दोघे एकमेकांना मिटवतात. मूळ निरोपावर समोरच्याने काम केलेलं असेल तर तोही मागे फिरतो आणि आपले अँटी-मेसेज पाठवतो. अँटी-मेसेज मूळ निरोपाच्या आधी पोहोचला तर त्याला रांगेत जपून ठेवायचं, मूळ आल्यावर दोन्ही काढून टाकायचे. हा शेवटचा भाग लिहायला विसरणारे बरेच.

मागे फिरायचं म्हणजे जुनी स्थिती हवी. पूर्ण प्रत दर घटनेला ठेवणं सोपं आहे, पण मेमरी खातं. दर दहा-वीस घटनांनी प्रत ठेवून मधल्या घटना पुन्हा करणं हा मधला मार्ग. तिसरा मार्ग १९९९ मध्ये कॅरोथर्स, पेरुमल्ला आणि फुजिमोटो यांनी मांडला: उलटी गणना. घटनेने काउंटर एकने वाढवला असेल तर प्रत ठेवायची गरजच नाही, एकने कमी करायचा. जिथे जुनी किंमत पुसली जाते तिथे तेवढीच जपायची. मार्ग कोणताही घ्या, स्थितीत यादृच्छिक जनरेटरची स्थिती आणि निरोपांचा अनुक्रमांक हे दोन्ही आलेच पाहिजेत. ते मागे गेले नाहीत तर दुसऱ्यांदा केलेली घटना पहिल्यापेक्षा वेगळी निघते.

मग हमी कुठे आली? ती जीव्हीटीत आली, म्हणजे ग्लोबल व्हर्च्युअल टाइममध्ये. न झालेल्या सगळ्या घटना आणि वाटेतले सगळे निरोप, यांतला सर्वात लहान टाइमस्टॅम्प म्हणजे जीव्हीटी. त्याच्या मागे कोणीच जाऊ शकत नाही. म्हणून त्याआधीची शेवटची प्रत ठेवून बाकीच्या जुन्या प्रती फेकता येतात, मेमरी मोकळी होते, फाइलमध्ये लिहिणं किंवा पडद्यावर दाखवणं अशी परत न घेता येणारी कामं तेव्हाच करता येतात. जीव्हीटी मागे पडली तर मेमरी भरते. वारंवार काढली तर वेळ जातो.

काढायची कशी? वाटेतल्या निरोपांचीच पुन्हा अडचण. मॅटर्न यांनी १९९३ मध्ये दिलेली युक्ती सुंदर आहे: निरोपांना दोन रंग द्या. मोजणीचा एक निरोप सगळ्या मशीनवरून दोनदा फिरतो. त्याची पहिली फेरी पोहोचेपर्यंत प्रत्येक मशीन पांढरं असतं, फेरी आली की ते लाल होतं, आणि निरोपावर पाठवताना आपला रंग लावतं. दुसरी फेरी तेव्हाच पूर्ण होते, जेव्हा पांढरे सगळे निरोप पोहोचल्याचं मोजणीवरून दिसतं. मग उरतात फक्त लाल. दुसऱ्या फेरीच्या वेळची प्रत्येकाची सर्वात आधीची न झालेली घटना आणि पाठवलेल्या लाल निरोपांमधला सर्वात लहान टाइमस्टॅम्प, यांतला किमान म्हणजे जीव्हीटीची सुरक्षित खालची मर्यादा. कोणाला थांबावं लागलं नाही.

२०१३ मध्ये रॉस या यंत्रणेने सेक्वोया आणि व्हल्कन या जोडलेल्या महासंगणकांच्या एकूण १९,६६,०८० कोअरवर टाइम वॉर्प चालवून सेकंदाला ५०४ अब्ज घटनांचा वेग गाठला. तो वेग फोल्ड नावाच्या कृत्रिम मॉडेलवरचा आहे, ज्यात प्रत्येक घटनेचं काम नगण्य असतं. पद्धत किती ताणली जाऊ शकते याचा तो पुरावा आहे. तुमचं मॉडेल तसं पळेल असा त्याचा अर्थ नाही. लुकअहेड नाही म्हणून टाइम वॉर्पकडे जाताना आगीतून फुफाट्यात पडणारे मी पाहिलेत. एक भाग फार पुढे पळतो, मग मागे फिरतो, त्याच्या अँटी-मेसेजमुळे पाच जण मागे फिरतात, आणि मशीन शंभर टक्के व्यस्त असूनही जीव्हीटी जागची हलत नाही. त्यावर लगाम घाला: जीव्हीटीपासून ठरावीक अंतराच्या पुढे कोणी जायचं नाही. हे अंतर आधी लहान ठेवा आणि केलेल्या कामापैकी किती काम टिकतं हे मोजत वाढवा.

आणखी एक सूचना, जी सुरुवातीला कोणी देत नाही. टाइम वॉर्पमध्ये एलपी काही काळ अशा स्थितीत असू शकतो, जी खऱ्या मॉडेलमध्ये कधीच येणार नाही. गाडी सुटल्याची नोंद आहे, पण ती आलेलीच नाही, असं काहीतरी. तिथे शून्याने भागाकार होईल, रांगेतली संख्या उणे होईल, क्वचित लूप संपणारच नाही. म्हणून चूक सापडताच कार्यक्रम बंद करू नका. त्या एलपीला तिथेच गोठवा, आणि जीव्हीटी त्या घटनेपर्यंत आली तरच ती खरी चूक माना.

माणूस किंवा यंत्र जोडलेलं असेल तर

प्रशिक्षणाच्या सिम्युलेटरमध्ये समोर माणूस बसलेला असतो, तेव्हा भिंतीवरचं घड्याळ आत येतंच. तिथे मागे फिरणं चालत नाही, उशीरही चालत नाही. वेगवेगळ्या संस्थांची सिम्युलेशनं जोडण्यासाठी हाय लेव्हल आर्किटेक्चर हे मानक आहे, २००० मध्ये आयट्रिपलई १५१६ म्हणून आलेलं. त्यात प्रत्येक सहभागी दोन गोष्टी वेगवेगळ्या ठरवतो: मी इतरांचा काळ अडवू शकतो का, आणि इतर माझा काळ अडवू शकतात का. जे फक्त बघायला जोडलेत त्यांना पहिला अधिकार देऊ नका. नाहीतर अडकलेला एक नकाशादर्शक सगळं सिम्युलेशन थांबवतो.

बरोबर चाललंय हे कसं कळणार

आलेख ‘साधारण सारखे’ दिसणं हा पुरावा नाही. वेळ आणि क्रम पहिल्या कामात सांगितल्याप्रमाणे पक्के केले असतील, तर एका मशीनवरचं उत्तर आणि सोळा मशीनवरचं उत्तर बिटाबिटाने सारखं यायला हवं. त्यासाठी प्रत्येक एलपीने पक्क्या झालेल्या घटनांचा एक चालता हॅश, म्हणजे त्या सगळ्यांपासून काढलेला एक ओळखीचा आकडा, ठेवावा: वेळ, प्रकार, पाठवणारा, अनुक्रमांक. टाइम वॉर्पमध्ये हा हॅश जीव्हीटी ओलांडलेल्या घटनांचाच, आधीच्या नव्हे. मग तेच मॉडेल एका, दोन, चार आणि सोळा भागांत चालवा, आणि तीन, सात असे वेडेवाकडे आकडेही घ्या, कारण दोनाच्या पटीत लपणाऱ्या चुका तिथे बाहेर येतात.

हॅश जुळला नाही तर शेवटचा आकडा बघत बसू नका. सिम्युलेशनच्या दर मिनिटाला प्रत्येक एलपीचा हॅश फाइलमध्ये लिहा आणि दोन फाइलींमध्ये पहिला फरक कुठे आहे ते शोधा. कोणता एलपी, कोणतं मिनिट, एवढं कळलं की त्या मिनिटातल्या त्या एकट्या एलपीच्या सगळ्या घटना छापायच्या. बहुतेक वेळा तिथे एकाच टाइमस्टॅम्पच्या दोन घटनांची अदलाबदल सापडते, आणि तुलनेच्या किल्लीतला कुठला भाग कोणीतरी गाळला होता ते दिसतं.

आणि नेटवर्कवर विश्वास ठेवून तपासू नका. शांत क्लस्टरवर निरोप जवळजवळ नेहमी अपेक्षित क्रमानेच येतात, म्हणून शर्यतीच्या चुका झोपून राहतात. निरोप पाठवणाऱ्या थरात चाचणीपुरता एक विलंब घाला: दर शंभरातला एखादा निरोप यादृच्छिकपणे काही मिलिसेकंद अडकवून ठेवायचा, एखादं मशीन मुद्दाम हळू करायचं. एका जोडणीवरचा क्रम मात्र मोडू द्यायचा नाही, कारण तो आपण गृहीत धरलेला आहे. रात्रभर असं चालू द्या आणि सकाळी हॅश तपासा.